कापूस बँडला, खोली थोरल्याला

लिहून ठेवते ती मी, गादी कारखान्याची मालकीण, वय अठ्ठ्याहत्तर पुरं होऊन वर थोडं, शिक्षण चौथीपर्यंत आणि त्यातली तिसरी दोनदा. अंगठा उठवत नाही, सही करते. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मी शुद्धीवर आहे असं सुरुवातीलाच लिहा." मी म्हटलं, "शुद्धीवर नसते तर लिहायला बसले असते का?" त्या म्हणाल्या, "तरी लिहा." म्हणून लिहिते की शुद्धीवर आहे. गोंधळलेली आहे, पण ती गोष्ट वेगळी. गोंधळलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येतं का हेही मी विचारून घेतलं. येतं म्हणाल्या. नाहीतर कोणाचंच झालं नसतं म्हणाल्या.

माझ्यावर दबाव कोणाचा नाही. थोरल्याने आणून पाहिला, पण जमला नाही, तेव्हा तो धरू नये.

हे लिहायला मला फार मजा येते आहे. जन्मात पहिल्यांदा मी बोलते आहे आणि मध्ये कोणी तोंड घालत नाही. सोमवारी सुरुवात केली, आज काय ते संपवते. वकीलबाई लिहून देत होत्या, पण मी म्हटलं, माझं मरण आहे, माझ्याच अक्षरात होऊ दे. जिथे खोडलं आहे तिथे बाजूला छोटी सही केली आहे. अशा सह्या बऱ्याच झाल्या आहेत, त्याला इलाज नाही.

कलम पहिलं. कारखान्याच्या मागचं राहतं घर, तीन खोल्या, मोरी आणि वरची पोटमाळ्याची जागा, हे माझ्या धाकटीला. थोरल्याचं स्वतःचं घर आहे आणि ते माझ्या घरापेक्षा मोठं आहे, हे तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. धाकटी परगावी शाळेत शिकवते, पण सुट्टी लागली की इथेच येऊन झोपते आणि दोन दिवस उठत नाही. ज्याला ज्या घरात झोप लागते त्याचं ते घर, असं मला वाटतं. गादीवाल्या बाईने दुसरा काय नियम लावावा?

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मं-निम्मं. किती आहे ते मला आठवत नाही आणि आठवलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. पासबुक एका उशीत शिवून ठेवलं आहे. कोणत्या ते लिहिते, म्हणजे भांडण नको: निळ्या पट्ट्यांची, माझ्याच पलंगावरची. आता हे लिहिल्यावर ती उशी बदलावी लागणार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

कलम तिसरं, हत्यारं. माझ्याकडे दाभणं अकरा. गादी टाचायचं दाभण म्हणजे हातभर लांब सुई, नवख्याच्या हाती दिली तर आधी स्वतःलाच टाचून घेतो. त्यातली दहा कारखान्यात राहावीत; कारखाना आणि गाद्यांचं दुकान थोरलाच चालवतो, ते त्यालाच. अकरावं टोकाशी जरा वाकलेलं आहे, ते आमच्या टाकेवालीला द्यावं. बत्तीस वर्षं ती माझ्यासमोर बसून टाके घालते आहे. त्या वाकड्या दाभणावर तिचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. आम्ही यावर कधी बोललो नाही.

माझ्या जाऊबाईंना काही नाही. आमचे हे गेले तेव्हा त्या बारा माणसांत म्हणाल्या होत्या, "आता हिचा कापूस वाऱ्यावर उडणार." उडाला नाही. एवढी बातमी मात्र त्यांना माझ्या नावाने जरूर द्यावी.

कलम चौथं. हे अवघड आहे. हे मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. कारखान्याच्या मागच्या अंगाला असलेली कापसाची खोली कोणाला, हा प्रश्न आहे. सगळ्या मृत्युपत्रात खरा प्रश्न एवढाच आहे, बाकी सगळं उशा-पांघरुणं.

ती खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब खोली, उंच छप्पर, तीन भिंतींना जमिनीपासून वरपर्यंत कापसाच्या गाठी लावलेल्या. तिथे आवाज उरत नाही. बोललेलं शब्दागणिक ओठांपाशीच संपतं. आमच्या ह्यांना गिऱ्हाइकाला शिव्या द्यायच्या असल्या की ते त्या खोलीत जात, दार ओढून घेत, मनसोक्त देत आणि हसत बाहेर येऊन म्हणत, "हं, काय म्हणत होता आपण?" चाळीस वर्षांत एक गिऱ्हाईक तुटलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी बँडचे मास्तर गादी घ्यायला आले. मी तेव्हा त्यांना ओळखत नव्हते. कापूस दाखवायला त्यांना आत नेलं. त्यांनी बायकोला हाक मारली, ती दाराशीच उभी होती, तरी तिला ऐकू गेली नाही. मास्तर थांबले. मग त्यांनी एक सूर लावला. मग आणखी एक, मोठ्याने. मग गादी विसरून खोलीभर फिरले आणि मला म्हणाले, "बाई, आम्हाला गुरुवारी संध्याकाळी ही जागा द्याल का?" मला वाटलं वाद्यं ठेवायला मागतायत. त्या वाद्यांचं काय मोठंसं, कोपऱ्यात पडतील. मी हो म्हटलं. गुरुवारी अठरा माणसं आली. एक पोस्टमन होता, त्याने अंगाभोवती अजगर गुंडाळावा तसं भलंमोठं पितळी वाद्य आणलं होतं. दवाखान्यातली एक नर्स, दोघे सख्खे भाऊ, एक न्हावी, एक बाई पाच महिन्यांची पोटुशी. सगळे वाजवायला बसले. मी दारात लाटणं घेऊन उभी.

मागून कळलं की याआधी त्यांना पाच जागांवरून हाकललं होतं. आवाज फार होतो म्हणून. माझ्याकडे आवाज नव्हता, तो सोडून सगळं होतं. आता हाकलायला कारणच उरलं नाही, म्हणून ते राहिले.

इथे एक कबुली द्यायची आहे. ती कोर्टात चालत नसेल तर वकीलबाईंनी गाळावी. त्यांचा पहिला कार्यक्रम माझ्यामुळे बिघडला. वर्षभर ते कापसात वाजवत होते. कापूस सगळं पिऊन टाकायचा, म्हणून ते आणखी जोर लावायचे, कापूस तेही प्यायचा. त्यांना वाटायचं आपण हळुवार वाजवतोय. मग शाळेच्या सभागृहात कार्यक्रम लागला. फरशीची जमीन, उघड्या भिंती. पहिला सूर निघाला आणि पुढच्या दोन रांगांनी एकदम कानात बोटं घातली. तीन लेकरं एका तालात रडायला लागली. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि शेजारच्याला म्हणाले, "आता कसं, व्यवस्थित ऐकू येतंय."

मास्तर दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासमोर डोकं धरून बसले. त्यांचं म्हणणं, सगळं संपलं. मला संगीतातलं कळत नाही, पण कापसातलं कळतं. मी म्हटलं, "दारापाशीच्या आठ गाठी बाहेर काढू या का?" काढल्या. आवाज जरा उठला. मग आणखी चार काढल्या, मग दोन परत आत ढकलल्या. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवस मी गाठी सरकवते. कार्यक्रम कुठे आहे ते विचारते. फरशी असेल तर इतक्या, लाकडी जमीन असेल तर इतक्या. सूर बरोबर लागला की चुकला हे मला आजही कळत नाही. मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघते. चेहरा सैल पडला की म्हणते, बस, आता हलवू नका. अठरा वर्षांत मी कोणतं वाद्य शिकले असेन तर ते एवढंच. मागल्या वर्षी मास्तरांनी कार्यक्रमाच्या छापील कागदावर माझं नाव घातलं, "दालनाची रचना". तो कागद मी धाकटीला वाचायला दिला तर ती म्हणाली, "आई, म्हणजे काय केलंस तू?" मी म्हटलं, "ढकलाढकली."

तर मी हे चौथं कलम सोमवारी असं लिहिलं: कापसाची खोली बँडला, कायमची. फार छान वाटलं. स्वतःवरच खूश होऊन चहा केला.

मंगळवारी थोरल्याने ते वाचलं. टेबलावर तसंच राहिलं होतं, चूक माझी. तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आई, कापसाच्या गाद्या आता कोण घेतं ते सांग."

"घेतात की. पाठदुखीवाले घेतात."

"पाठदुखीवाल्यांवर सात बायकांचा पगार निघत नाही. फोम कापायचं मशीन आणायचंय मला. ते मागच्या खोलीशिवाय कुठेच बसत नाही, मी तीनदा मापं घेतलीत. आणि कापूस अन् ते मशीन एका खोलीत ठेवता येत नाही, आग लागली तर विमावाले दारातसुद्धा उभे राहणार नाहीत."

"मग बँडवाले कुठे जातील?"

"ते मला का विचारतेस? वाजवणारे ते, ऐकणारं गाव, आणि जागा फक्त आपण द्यायची? दातांचे डॉक्टर दरवर्षी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. हार्डवेअरवाले काका डोळे पुसतात. त्यांनी काय दिलं कधी?"

 त्यांनी खरंच काही दिलं नव्हतं. वाईट माणसं नाहीत ती. त्यांच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं, एवढंच.

मी चौथं कलम खोडलं, छोटी सही केली आणि लिहिलं: कापसाची खोली थोरल्याला. मग जेवण गेलं नाही. टाकेवाली म्हणाली, "आजी, तुम्ही आज कोणाला घराबाहेर काढलंत?"  तीही त्या सात बायकांपैकीच आहे. तिला काय सांगू, की तुझी नोकरी राहावी म्हणून मी अठरा माणसांना रस्त्यावर काढतेय, का उलट? दोन्हीकडून मीच वाईट.

बुधवारी सकाळी मी त्या खोलीत जाऊन नुसती बसले. बसून विचार केला की मी बँडला नक्की काय दिलं होतं. खोली दिली होती का? खोलीसारख्या खोल्या गावात पुष्कळ असतील. त्यांना हवा होता तो कापूस. खोली रिकामी करा, ती बोंबलायला लागेल, शेजारी पुन्हा हाकलतील. कापूस दुसरीकडे न्या, तिथे शांतता होईल. म्हणजे शांतता माझ्या भिंतींत नव्हती, गाठींत होती. हे अठरा वर्षं गाठी सरकवणाऱ्या बाईला अठ्ठ्याहत्तरी उलटल्यावर कळावं! पण कळलं.

म्हणून आता कलम चौथं, तिसऱ्यांदा, आणि हेच शेवटचं धरावं.

खोली थोरल्याला. कापूस बँडला. आजच्या घडीला असलेल्या सगळ्या गाठी पिंजून, त्यांच्या जाड रजया शिवाव्यात आणि जिथे जागा मिळेल तिथे त्या भिंतींना टांगाव्यात. शिवण्याचं काम आमच्या सातही बायकांनी करावं. खिडकीच्या भिंतीला चार बोटं जाडीची रजई, दाराच्या भिंतीला दोन बोटं, मास्तरांच्या पाठीमागे काहीच नाही. छताला हात लावू नये, आवाज थोडा वर जाऊ द्यावा, नाहीतर बँडवाले पुन्हा जोर लावायला लागतील. टाके एक वीत अंतरावर, त्याहून जवळ घेतले तर रजई आवाज परत फेकते. हे शास्त्र कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आणि अशी जागा मिळेपर्यंत त्या खोलीतली एकही गाठ थोरल्याने हलवू नये आणि मशीन आणू नये. उद्या जागा मिळाली तर उद्या मशीन आणावं, माझ्या मरणाची वाट बघू नये. मृत्युपत्र मेल्यावर चालू होतं हे मला वकीलबाईंनी दोनदा समजावलं. पण सात बायका मी मरेपर्यंत कशा थांबतील? म्हणून हे कलम आजपासूनच चालू. थोरल्याला तसं तोंडी सांगितलं आहे. तो म्हणाला, "म्हणजे बँडसाठी जागा मी शोधायची?" मी म्हटलं, "मशीन तुझं." त्याने मापांचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "तू चौथी शिकलीस हे खोटं आहे."

कलम पाचवं. इथे मी लिहिलं होतं की दातांच्या डॉक्टरांनी वरचा मजला द्यावा, हार्डवेअरवाल्यांनी आकडे आणि सळया द्याव्यात, वकीलबाईंनी कागद फुकट करून द्यावा. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात आपली मालमत्ता वाटतात. दुसऱ्यांची कर्तव्यं वाटता येत नाहीत." मला हे पटलं नाही, पण खोडलं. मात्र त्यातलं थोडं तरी ठेवते, हुकूम म्हणून नाही, म्हातारीचं म्हणणं म्हणून.

म्हणणं असं की प्रत्येकाच्या धंद्यात काही ना काही पडून असतं. माझ्याकडे शांतता पडून होती, मला ती विकतासुद्धा आली नसती. डॉक्टरांच्या दवाखान्यावर एक अख्खा मजला मोडक्या खुर्च्यांनी भरला आहे. हार्डवेअरमध्ये असल्या मापाचे आकडे आहेत की जे कोणी कधी घेत नाही. कलेची मंडळी येऊन मागतात तेव्हा लोकांना वाटतं, पैसे मागायला आले. त्यांना बऱ्याचदा पैसे नको असतात, आपलं हे पडलेलं हवं असतं.

त्याबदल्यात आपल्याला काय मिळतं, इथे मात्र माझा गोंधळ आहे. पूर्वी कारखान्यात टाकेवाली सोडली तर बायका वर्षभरसुद्धा टिकत नसत. बँड आल्यापासून सातही टिकल्या आहेत. पण त्याच वर्षी मी भिंतीत दोन नव्या खिडक्याही पाडून घेतल्या होत्या, तेव्हा त्या सुरांनी टिकल्या की वाऱ्याने, कोण जाणे. ते दोघे सख्खे भाऊ जमिनीवरून कोर्टात भांडत होते. बँडमध्ये शेजारी-शेजारी बसतात, एकाच्या वहीचं पान दुसरा उलटतो. त्यांनी खटला मागे घेतला. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, त्यात माझं नुकसान झालं," आणि हसल्या. नुकसान झालं तर हसल्या का, हेही मला कळलं नाही. पाठदुखीवाल्यांपैकी निम्मे तर कार्यक्रमातल्या खुर्च्यांवर बसून आलेले असतात. हा फायदा धरायचा की नाही?

कलम सहावं, किंवा पाचव्याचाच राहिलेला भाग. गुरुवारी थोरला मला घेऊन बाहेर पडला. माझे गुडघे दुखतात, पण हे बघायला मी गुडघ्यांशिवायही गेले असते.

आधी डॉक्टरांकडे. डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"आजी, वर ढोल वाजला आणि खाली माझा हात हलला तर दाढेऐवजी जीभ येईल हातात."

थोरला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सातला बंद करता. ते सव्वासातला येतील. आणि चार बोटं जाड रजयांतून आवाज खाली येत नाही, माझा शब्द. आमच्या खोलीत माझे वडील अर्धं आयुष्य ओरडत होते, गावात कोणाला पत्ता नाही."

डॉक्टरांनी छताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "ते पितळी वाजवणारे... त्यांचे पुढचे दात पक्के लागतात, नाही का?"

"सगळे तुमच्याकडेच येतील असं मी म्हणत नाही," थोरला म्हणाला. "पण जिना चढताना पाटी दिसेलच."

मी खाली मान घालून पदराची किनार बघत बसले. डॉक्टरांनी वरची किल्ली काढून दाखवली. ती गंजली होती, कुलूपही फिरेना. थोरल्याने जोर लावून फिरवलं.

मग हार्डवेअर. हे काका आमच्या ह्यांचे मित्र, मला वहिनी म्हणतात. स्वभावाने गोड, पण हाताची मूठ अशी की खिळासुद्धा आत शिरू नये.

"वहिनी, मला काय फायदा? खिळे काय सुरात ठोकायचे आहेत?"

 थोरला काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्याने सुरुवात केली ती धंद्याच्या भाषेत, पाटी, नाव, गिऱ्हाईक वगैरे. मग मध्येच थांबला आणि म्हणाला, "काका, तुमचा मुलगा परगावी का गेला?"

"नोकरीसाठी."

"नोकरी तर इथेही होती. मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, इथे सहा वाजले की गाव मिटतं. माझी पोरगी यंदा हेच म्हणत होती. बॅग भरायला घेतली होती तिने. मग बँडमध्ये ढोलवाला आजारी पडला, हिला बसवलं. आता गुरुवार सोडून कुठे जायचं नाही म्हणते. मी एकदाही ऐकायला गेलो नाही. दुकानं बंद करायच्या वेळेलाच असतो ना त्यांचा कार्यक्रम." त्याने काउंटरवरचा एक खिळा उचलला. "काका, खिळे काय, कुठेही मिळतात. ते घ्यायला माणसं इथे राहिली पाहिजेत. तुम्ही नाही दिलं तर गाव चालेल. पण संध्याकाळी चालणार नाही."

काका वळले. मागे जाऊन एक खोकं काढून आणलं, त्यातले आकडे काउंटरवर ओतले आणि मोजायला लागले. मोजता मोजता म्हणाले, "सळया कापून द्याव्या लागतील. आणि ठोकणार कोण? तुम्ही लोक भिंत फोडाल. मीच येतो."

नात ढोल वाजवते हे मला माहीत होतं. तिने बॅग भरायला घेतली होती हे मला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नाही. मी अठरा वर्षं गाठी सरकवत होते आणि त्यांच्याआड काय काय चाललं होतं!

कलम सातवं, साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून मास्तर बाद, थोरला बाद, धाकटी बाद, टाकेवाली दाभणामुळे बाद. तिला फार वाईट वाटलं, पण दाभण सोडायला ती तयार नाही. वकीलबाई डोकं खाजवत म्हणाल्या, "डॉक्टरांना आणि काकांना काही मिळतच नाही. उलट द्यावं लागतंय. म्हणजे त्यांच्याइतके चांगले साक्षीदार सापडणार नाहीत." त्या दोघांना बोलावलं. दोघांसमोर सगळं वाचून दाखवलं, मुठीचं वाक्यसुद्धा. काका म्हणाले, "हे खोडा." मी म्हटलं, "खोडलं तर आणखी एक सही करावी लागेल, हात दुखतो."

हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम वकीलबाईंनी करावं. आधी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द. आधी काही लिहिलेलं नाही, पण असं म्हणायची पद्धत आहे म्हणाल्या.

शेवटचं. थोरल्याने हे सगळं बँडसाठी केलं की मशीनसाठी, हे मला कळलेलं नाही. आत्ता तो समोर उभा आहे, शाई वाळायची वाट बघतो आहे, मशीनवाल्याचा फोन येऊन गेला आहे. मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "आई, मलाही नीट सांगता येणार नाही. तू सही कर."

म्हणून करते.

ठिकाण: गादी कारखाना, पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल.
वार: शुक्रवार, दुपार. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच.

मृत्युपत्र करणारीची सही: (केली. जरा वर गेली आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार पहिला, दातांचा डॉक्टर: आजींनी माझ्यासमोर सही केली. वरचा मजला देतो, गुरुवार आणि रविवार, सातनंतर. मोडक्या खुर्च्या आज संध्याकाळी काढतो.

साक्षीदार दुसरा, हार्डवेअर दुकानदार: वहिनींनी माझ्यासमोर सही केली. आकडे छप्पन्न, सळया बारा, ठोकायला मी स्वतः. मुठीबद्दल लिहिलेलं मला मान्य नाही.

लिहिताना हजर, सही करायची परवानगी नसलेला, थोरला मुलगा: नव्या जागेतल्या पहिल्या गुरुवारी दुकान सहाला बंद करतो आहे. खुर्ची मागच्या रांगेत चालेल.